शनिवारी बंद राहणारा घाणा

मढच्या किनाऱ्यावर होड्या लागल्या की टोपल्यांतून पापलेट, रावस, घोळ उतरतात. त्यांच्याबरोबर कोळंबी, चिंबोऱ्या, माकूल, वाकट्या, मुशी आणि शिंगाळेही येतात. कोळीण या ढिगाची वाटणी भाव बघून करते. यहुद्यांच्या धर्मग्रंथातली वाटणी निराळी आहे. अंगावर खवले आणि पंख असतील तोच मासा खायचा, बाकी सगळे बाद. म्हणजे पापलेट, रावस, घोळ चालतील. कोळंबी, चिंबोरी, माकूल नाही, आणि मुशी, शिंगाळा, वाकटीही नाही. या नियमाला ग्रंथात आरोग्याचे कारण दिलेले नाही. मी तुम्हाला इतर लोकांतून वेगळे काढले आहे, तेव्हा तुम्हीही खाण्यातले चालते-न चालते वेगळे काढा, अशा अर्थाचे देवाचे सांगणे आहे. ‘देवाने निवडलेले लोक’ ही जगभर गाजलेली आणि तितकीच बदनाम झालेली कल्पना अशी थेट स्वयंपाकघरात येऊन बसते.

याच माशांवरून कोकणातल्या एका समाजाची ओळख पटली, असे सांगतात. दावीद रहाबी नावाचा एक परदेशी यहुदी कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या खेड्यांत आला. कोणी त्याचा काळ इसवी सन १०००च्या सुमाराचा मानतात, तर कोणी अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याशी त्याचे नाते जोडतात. त्याला इथे तेलाचे घाणे चालवणारे लोक भेटले. ते मराठी बोलत, त्यांच्या बायका लुगडी नेसत. पण शनिवारी ते घाणा जुंपत नसत, म्हणून गावात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. रहाबीने त्यांच्या बायकांपुढे मिसळीचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. त्यांनी खवल्याचे मासे बाजूला काढले आणि बाकीचे आपण खात नाही म्हणून सांगितले. मग त्याला खात्री पटली. त्याने जिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतल्या पुरुषांना धर्मविधी शिकवले, आणि पुढे हेच समाजाचे काजी झाले.

हे लोक म्हणजे बेने इस्राएल, ‘इस्राएलची लेकरे’. त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगावच्या समुद्रात त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात बायका एवढीच माणसे किनाऱ्याला लागली. बुडालेल्यांची प्रेते नवगावलाच पुरली. आज तिथे स्मारक आहे. ग्रंथ पाण्यात गेले. हिब्रू भाषा विसरली गेली. हैम शमुएल किहिमकरांनी १८९७ साली या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला ४० वर्षांनी, १९३७ साली, तेल अवीवला. त्यांच्या हिशेबाने हे आगमन ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातले. लेखी पुरावा मात्र फार उशिराचा आहे. किहीमचे किहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिवेआगरचे दिवेकर, अष्टमीचे अष्टमकर अशी त्यांची आडनावे बघितली तर रायगड जिल्ह्याचा नकाशाच समोर येतो.

सगळे विसरूनही त्यांच्याजवळ काय उरले, ते मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. मुलाची आठव्या दिवशी सुंता. शनिवारचा विसावा. मासे-मांसाचा विधिनिषेध. काही उपास आणि सण. आणि ‘शमा इस्राएल’ हे देवाचे एकत्व सांगणारे वचन, जे जन्म, लग्न, सुंता, मरण सगळ्याच प्रसंगी म्हटले जाई, कारण दुसरी प्रार्थना येतच नव्हती. यहुद्यांचा मोठा धर्मपंडित मायमोनिडीस याने इसवी सन १२००च्या आसपास फ्रान्समधल्या विद्वानांना लिहिलेल्या पत्रात हिंदुस्थानातल्या यहुद्यांचा उल्लेख आहे. त्यांना धर्मशास्त्र काही माहीत नाही, ते फक्त शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, आणि सुंता एवढेच पाळतात, असा त्याचा आशय आहे. हे कोकणातलेच लोक असावेत असे अनेक अभ्यासकांना वाटते. ‘आपण देवाचे निवडलेले आहोत’ असे सांगणारा ग्रंथ ज्यांच्याजवळ नव्हता, त्यांनी त्या निवडीबरोबर आलेली कामे तेवढी पिढ्यान्‌पिढ्या केली.

मूळ कल्पना काय आहे, ते नीट पाहायला हवे. तोराहमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथात, देव अब्राहामाला बोलावतो तेव्हा त्याच्या हातून काही पराक्रम झालेला नसतो. तुझ्यामुळे पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांना आशीर्वाद मिळेल, असे त्याला सांगितले जाते. सिनाय पर्वतापाशी करार होतो तो अटीवर: तुम्ही माझे ऐकलेत तर तुम्ही माझी खास प्रजा. पाचव्या पुस्तकात मोशे लोकांना स्पष्ट बजावतो की तुम्ही संख्येने मोठे म्हणून तुम्हाला निवडलेले नाही, तुम्ही तर सगळ्यांत थोडे आहात. पुढे आमोस नावाचा संदेष्टा येतो. हा मेंढपाळ माणूस ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात उभा राहून सांगतो, की सगळ्या कुळांत मी तुम्हालाच ओळखले, म्हणून तुमच्या अपराधांची शिक्षाही तुम्हालाच देणार. त्याच्याच पुस्तकात देव इस्राएलला विचारतो, की मला तुम्ही आणि दूरदेशीचे कुशी लोक सारखेच नाही का? तुम्हाला मी मिसरातून आणले, तसे पलिष्ट्यांनाही दुसऱ्या देशातून आणलेच ना? स्वतःच्याच ग्रंथात स्वतःच्या अभिमानावर इतका कडक प्रहार जपून ठेवणारा समाज विरळा, आणि मला तरी यहुदी परंपरेचे सगळ्यांत मोठे धन इथेच दिसते.

मराठी माणसाला हे वतनाच्या उदाहरणाने चटकन कळेल. वतन पिढीजात असते, त्याला मानपान असतो, पण ते मिळते गावची चाकरी करण्यासाठी. घरात वतन मुरले की मात्र मानाचा विडा आधी आठवतो आणि चाकरी नंतर. निवडीच्या कल्पनेचे हेच होत आले आहे, आणि ही ओढाताण यहुदी विचारवंतांनी उघडपणे केली. बाराव्या शतकात स्पेनमधला कवी यहूदा हलेवी याने मांडले की हे वेगळेपण वंशातच आहे. त्याच शतकात जन्मलेल्या मायमोनिडीसने श्रद्धेची तेरा तत्त्वे सांगितली, त्यांत ‘आपण निवडलेले’ हे तत्त्व नाही. धर्मांतर करून आलेल्या ओबद्या नावाच्या माणसाने त्याला विचारले, की प्रार्थनेत ‘आमच्या पूर्वजांचा देव’ असे मी म्हणावे का? त्याने उत्तर दिले की खुशाल म्हण, अब्राहाम तुझाही बाप आहे. तालमुद या धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या एका कथेत तर देव सिनाय पर्वतच उचलून लोकांच्या डोक्यावर धरतो आणि करार पत्करा नाहीतर इथेच गाडले जाल असे सांगतो. ज्यांच्या कथेत निवड अशी जबरदस्तीची असते, त्यांनी तिला बक्षीस म्हणून पाहिलेले नाही हे उघड आहे. विसाव्या शतकात अमेरिकेत मोर्देकाय कॅप्लन या रब्बीने ही कल्पना सरळ रद्द करावी असे म्हटले आणि १९४५ साली तिचा उल्लेख वगळून प्रार्थनापुस्तक काढले. सनातनी रब्बींनी न्यूयॉर्कमध्ये सभा घेऊन त्याला बहिष्कृत केले आणि तिथे ते पुस्तक जाळले गेले. युरोपात ज्या वर्षी लाखो यहुद्यांच्या हत्येचे सत्य जगापुढे येत होते, त्याच वर्षी हे घडले. ‘हे लोक स्वतःला निवडलेले म्हणवतात, म्हणजे जगावर राज्य करायला निघालेत’ हा आरोप यहुद्यांच्या शत्रूंनी शतकानुशतके केला. त्याचा शेवट कुठे झाला हे सगळ्यांना ठाऊक आहे.

कोकणात मात्र या कल्पनेवरून कोणी कोणाचे घर जाळले नाही. भारतातल्या यहुद्यांच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा सांगितले जाते आणि ते खरे आहे. यामागे सौजन्य होते तसेच एक सामाजिक कारणही होते. आपले देव वेगळे, खाणे वेगळे, सोयरीक आपल्यातच, असे म्हणणारे लोक इथल्या गावाला नवे नव्हते. जातींच्या गावात आणखी एक जात सहज मावली. शनवार तेल्याने शनिवारी घाणा बंद ठेवला तर गावाने रविवारी तेल घेतले. सणांची नावेही मराठीच झाली: नववर्षाचा ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताच्या कडक उपासाचा ‘दरफाळणीचा सण’, मंदिराच्या नाशाच्या शोकाचा ‘बिरड्याचा रोजा’. दरफाळणीला घराची दारे लावून घेत आणि कोणाला शिवत नसत. नवस फेडायला पोहे, गूळ, खोबरे आणि फळांचा ‘मलिदा’ करतात आणि एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे स्मरण करतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावात खडकावर या एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात; तो तिथूनच स्वर्गात गेला अशी श्रद्धा आहे. पवित्र भूमी हजारो मैल दूर असलेल्या लोकांनी तिचा एक तुकडा रायगडच्या कातळावर ओळखला.

पण जातीच्या गावात मावण्याची किंमतही द्यावी लागली. समाजात ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असे दोन तट पडले. बाहेरच्या समाजातल्या बाईशी झालेल्या संबंधाची संतती ती ‘काळी’ मानली गेली. गोरे त्यांच्याशी सोयरीक करत नसत, एका पंगतीला बसत नसत. विधवेच्या पुनर्विवाहालाही समाज पूर्वी तयार नसे. तोराहचा तसा निषेध नसताना ही चाल शेजाऱ्यांकडून आली होती. आमोसचे शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नव्हते हे खरे, पण पोहोचले असते तरी ही उतरंड मोडली असती का, याची मला शंका आहे. ज्यांना आमोस पाठ होता त्यांनीही तेच केले.

ते घडले मुंबईत. अठराव्या शतकात बेने इस्राएल कोकणातून मुंबईला येऊ लागले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिरले. समाजी हसाजी दिवेकर, म्हणजे शमुएल एझिकियेल दिवेकर, हे त्यातलेच. टिपूच्या कैदेतून ते सुटले, त्याची कथा समाजात आजही सांगतात: आम्ही ‘बेने इस्राएल’ म्हटल्यावर टिपूच्या आईने कुराणात या लोकांचे नाव आहे म्हणून त्यांना जीवदान द्यायला लावले. सुटकेचा नवस म्हणून दिवेकरांनी १७९६ साली मांडवीत सिनेगॉग बांधले, ‘शाअर हारहमीम’, दयेचे द्वार. लोक त्याला जुनी मशीद म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. रस्त्यालाही शमुएलचेच नाव मिळाले.

मग १८३२ साली बगदादचे डेव्हिड ससून मुंबईला आले, त्यांच्यासारखी इतर व्यापारी घराणीही आली. सुरुवातीला या बगदादी यहुद्यांनी बेने इस्राएलांच्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थना केल्या, त्यांच्याच दफनभूमीत प्रेते पुरली. पुढे १८३६ साली काही बगदाद्यांनी सरकारकडे अर्ज केला, की दफनभूमीत आमच्या आणि त्यांच्या मध्ये भिंत घाला. सार्वजनिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. त्या दहांत बेने इस्राएलाला धरायलाही पुष्कळ बगदादी कां-कू करत. ससूनांनी शाळा, इस्पितळे, वाचनालये बांधून मुंबई-पुण्यावर फार उपकार केले आहेत, ते कोणी विसरू नये. पण मेल्यावरही भिंत हवी हा अर्जही त्याच निवडलेल्या लोकांपैकी काहींनी निवडलेल्या लोकांविरुद्धच केलेला होता.

बेने इस्राएलांच्या यहुदीपणाबद्दलच्या या शंकेचे शास्त्रीय रूप असे होते. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे घटस्फोटासाठी ‘गेट’ नावाचे विधिवत पत्र लागते. ते न घेता बाईने दुसरे लग्न केले तर त्या लग्नाची संतती ‘ममझेर’ ठरते, आणि तिला इतर यहुद्यांशी लग्न करता येत नाही. कोकणात शतकानुशतके हे शास्त्र माहीतच नव्हते, तेव्हा कुठल्या पिढीत काय झाले असेल कोणी सांगावे, असा संशय रब्बींनी घेतला. म्हणजे ज्या समाजात घटस्फोट जवळजवळ होतच नसत, त्याच समाजावर घटस्फोट नीट न केल्याचा संशय.

१९४८ला इस्राएल राष्ट्र झाले आणि बेने इस्राएल मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागले. छळ झाला म्हणून ते निघाले नव्हते; रोजच्या प्रार्थनेत ज्या भूमीचे नाव घ्यायचे तिथे जायचे होते. तिथे काहींना रंगावरून वेगळी वागणूक मिळाली. १९५१-५२मध्ये त्यांनी धरणे धरले आणि काही कुटुंबे मुंबईला परतही आली. खरी ठिणगी पडली १९६२ साली. मुख्य रब्बी-पीठाने आदेश काढला की बेने इस्राएल व्यक्तीचे इतर यहुद्याशी लग्न नोंदताना तिच्या आई, आजी-आजोबा आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. हा आदेश इतर कुठल्याही समाजाला नव्हता. अलिबाग-पेणच्या माणसाने आजीच्या आजीच्या लग्नाचे कागद कुठून आणायचे? लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये मोठे आंदोलन झाले. ऑगस्ट १९६४मध्ये संसदेचे खास अधिवेशन भरले. बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत, असे सरकारचे म्हणणे पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी मांडले. रब्बी-पीठाने आदेशातून बेने इस्राएल हे नाव काढले. शनवार तेल्यांच्या नातवंडांनी हा लढा सत्याग्रहाच्या वळणाने जिंकला, आणि महाराष्ट्राच्या इतिहासाच्या पुस्तकात त्याला एक पान मिळायला हवे असे मला मनापासून वाटते.

या समाजाने निवडीची ही कथा मराठीत कशी सांगितली, तो भाग तर फारच लोभस आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या मराठी बायबलमधून आणि डॉ. जॉन विल्सनने १८३२ साली काढलेल्या मराठीतल्या हिब्रू व्याकरणातून त्यांना आपलाच ग्रंथ परत मिळाला. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. झाले उलटेच, समाज आपल्या धर्मात अधिक पक्का झाला. जोसेफ एझिकियेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके एकामागून एक मराठीत आणली. पुण्यात १८७४ साली वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायची ‘हगादा’ हिब्रू आणि मराठीत, चित्रांसह छापली गेली. तिच्यातल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका इथल्या पेहरावात जमिनीवर बसलेल्या आहेत. मिसरच्या गुलामीतून सुटलेले लोक पुण्याच्या छापखान्यात पोळपाट-लाटण्यापाशी येऊन बसले. आणि १८८० साली मुंबईत बेने इस्राएलांचे कीर्तनोत्तेजक मंडळ निघाले. बेन्जामिन शिमशोन अष्टमकरांसारखे कीर्तनकार उभे राहिले आणि अब्राहाम, योसेफ यांची आख्याने मराठी कीर्तनाच्या थाटात लावू लागले. पंढरीच्या अभंगांवर वाढलेल्या कानांना देवाने एका म्हाताऱ्याला हाक मारली आणि तो घर सोडून निघाला, ही गोष्ट परकी वाटायचे कारणच नव्हते.

मढपासून जवळच एरंगळला सेंट बोनाव्हेंचरचे जुने पोर्तुगीज काळातले चर्च आहे. जानेवारीतल्या तिथल्या सणाला ईस्ट इंडियन कॅथलिकांबरोबर हिंदू कोळीही जातात. तिथेही अब्राहाम, मोशे आणि आमोस वाचले जातात. ख्रिस्ती परंपरेने फार काळ असे मानले की ती निवड आता यहुद्यांकडून काढून चर्चला दिली गेली आहे. येशूच्या मृत्यूचा दोषही साऱ्या यहुद्यांवर ठेवला गेला. मुंबईच्या कॅथलिक शाळेत शिकलेल्या निसीम एझिकियेल या बेने इस्राएल कवीला लहानपणी हाच आरोप ऐकावा लागला होता. रोमने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेत तो आरोप अमान्य केला आणि देवाने यहुद्यांना दिलेली देणगी त्याने परत घेतलेली नाही, असे म्हटले. एझिकियेलांनी पुढे ‘लॅटर-डे साम्स’ या संग्रहात बायबलमधल्या स्तोत्रांशीच वाद घातला. नीतिमान आणि दुष्ट अशी सरसकट विभागणी आणि शत्रूंबद्दलचा तो सगळा त्वेष त्यांना पटत नव्हता. त्या संग्रहाला १९८३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमोसच्या वळणावरचा हा मुंबईकर.

आज भारतात यहुदी थोडे उरले आहेत. २०११च्या जनगणनेत देशभरात पाच हजारांहूनही कमी. त्यांतले बरेच ठाणे-मुंबईत आहेत. ठाण्याचे १८७९चे ‘शाअर हश्शामाइम’ नांदते आहे; अलिबागच्या इस्राएल आळीतही सिनेगॉग आहे, पण खेड्यांत प्रार्थनेला दहा पुरुष जमवताना दमछाक होते. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याच वर्षी त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: त्यांच्यात पश्चिम आशियाई यहुदी वंशही आहे आणि भारतीय वंशही भरपूर आहे. समाजात पुष्कळांना याचा आनंद झाला, कारण नवगावच्या कथेला आधार मिळाला. पण ज्या ‘काळ्या’ इस्राएलांना पंगतीतून उठवले होते, त्यांच्यातले रक्त गोऱ्यांतही निघाले, ही त्याच निष्कर्षाची दुसरी बाजू आहे. निवड रक्तात शोधायची तर यहुदी ग्रंथच आड येतो. शावुओतच्या सणाला, म्हणजे सिनायवर तोराह मिळाल्याच्या दिवशी, सिनेगॉगमध्ये रूथची गोष्ट वाचायची प्रथा आहे. रूथ मवाबी होती, परक्या कुळातली, विधवा, सासूच्या मागोमाग चालत आलेली. दावीद राजा हा तिचा पणतू.